पिसदुऱ्याचा साप आणि नागपूरचे हिस्लॉप मास्तर



श्रावण लागला की आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. नागपंचमीसाठी फळ्यावर नागाचं चित्र काढायला खडू हातात घेतला, की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, सापाला पाय का नसतात? नोकरीची पहिली काही वर्षं मी सरळ सांगून टाकायचे की सापाला पायांची गरज नाही, म्हणून नसतात. मुलं गप्प बसायची. पुढे दहावीच्या पुस्तकातला आनुवंशिकता व उत्क्रांतीचा धडा एकदा नीट वाचला आणि माझी मलाच लाज वाटली. गरज नाही म्हणून अवयव गळून पडत नाही हो! तसं असतं तर आपल्या अक्कलदाढा केव्हाच गेल्या असत्या. पिढ्यान्‌पिढ्या काही पिल्लं जरा आखूड पायांची निपजली, बिळात किंवा दाट झुडपात तीच जास्त तगली, त्यांची पिल्लं वाढली, आणि असं लाखो वर्षं चालत राहिलं. साप हे सरड्यांच्याच घराण्यातले. अजगराच्या शेपटीपाशी आजही नखासारखे दोन छोटे काटे दिसतात. ती त्याच्या मागच्या पायांची राहिलेली खूण आहे.

पण मुलं पुरावा मागतात, आणि मागायलाच हवा. सापांचे जीवाश्म म्हटलं की आपल्याला अर्जेंटिना आठवतं. तिथे नजाश नावाचा सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा साप सापडला आहे, त्याला मागचे दोन पाय होते. हे खरंच, पण अर्जेंटिना नाशिकच्या पोरांना फार लांब पडतं. म्हणून मी जवळचं काही शोधत होते, आणि शोधता शोधता चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुरा या गावापाशी पोहोचले. तिथल्या मातीत डायनासोरच्या काळातल्या एका मोठ्या सापाचे मणके मिळाले आहेत. आणि या पिसदुऱ्याचं नाव विज्ञानाच्या जगात पहिल्यांदा नेणाऱ्यांपैकी एक कोण होते माहीत आहे? एक शाळामास्तर! नागपूरकरांना ते हिस्लॉप कॉलेजच्या पाटीमुळे माहीत आहेत. आपल्याकडे मात्र त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून आजचा हा लेख.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या छोट्या गावी झाला. रॉबर्ट नावाचा त्यांचा भाऊ होता. दोघांना एकच नाद: किडे पकडायचे, दगड फोडून आत काय आहे ते पाहायचं, आणलेल्या वस्तू नीट मांडून ठेवायच्या. आपल्या वर्गात अशी एक-दोन पोरं असतातच. त्यांच्या खिशात कायम खडे असतात आणि घरून कायम तक्रार असते. रॉबर्ट पुढे कीटकांचे अभ्यासक झाले. स्टीफन यांनी मात्र एडिंबरा आणि ग्लासगो इथे शिक्षण घेऊन धर्मोपदेशकाची वाट धरली. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्च वेगळं झालं. हिस्लॉप या नव्या चर्चबरोबर गेले आणि पुढच्याच वर्षी पत्नी इरॅस्मा यांच्यासह भारतात यायला निघाले. मद्रास सैन्यातल्या एका कॅप्टनने नागपुरात मिशन उघडण्यासाठी देणगी दिली होती. ते काम त्यांच्याकडे आलं.

१८४५ साली ते कामठीला पोहोचले. तेव्हाचं नागपूर म्हणजे भोसल्यांचं राज्य. गादीवर तिसरे रघूजी, सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट आणि कामठीला इंग्रजांची छावणी. हिस्लॉप आधी मराठी शिकले. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा सुरू केली. त्यांचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. लोकांचा त्याला विरोध होता, राज्याचाही होता, आणि त्यात त्यांना यश फार थोडं आलं. शाळा मात्र टिकली. पोरं शिकायला येत राहिली. ज्यासाठी माणूस सात समुद्र ओलांडून आला ते बाजूला राहिलं आणि जे त्याने जोडीला म्हणून केलं ते उरलं, असं आयुष्यात होतं कधीकधी. हिस्लॉप यांच्या बाबतीत तर हे दोनदा झालं: एकदा शाळेचं आणि एकदा दगडांचं.

दगडांची गोष्ट सुरू होते १८५१ साली. तोवर रॉबर्ट हंटर नावाचे सहकारी त्यांच्या मदतीला आले होते. (हे हंटर पुढे मायदेशी जाऊन मोठे कोशकार झाले, तो वेगळाच विषय आहे.) नागपूरच्या पश्चिमेला टाकळी नावाचं गाव होतं, आता ते शहरातच आलं आहे. त्या बाजूला फिरताना दोघांना काळ्या खडकाच्या मध्ये एक वेगळ्या रंगाचा पातळ थर दिसला. त्यात बारीक शंख होते, दगड झालेले. लहानपणीचा नाद असा पुन्हा वर आला!

इथे थोडं थांबून तो काळा खडक समजून घेऊ, कारण तो आपल्याही पायाखाली आहे. पांडवलेणी, रामशेज, ब्रह्मगिरी, सगळं याच बेसाल्टचं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. त्यामुळे आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. पण दोन लाव्ह्यांच्या मध्ये हजारो वर्षांची उसंत असायची. तेवढ्या काळात खडकाची माती व्हायची, खोलगट जागी तळं साचायचं, तळ्यात गोगलगायी, काठाला झाडं, झाडांवर भुंगे. मग पुन्हा लाव्हा येऊन ते सगळं झाकून टाकायचा. मी मुलांना थरांचा केक दाखवून हे सांगते. काळा केक म्हणजे लाव्हा आणि मधलं क्रीम म्हणजे ते तळं. हिस्लॉप आणि हंटर यांच्या हाती हे मधलं क्रीम लागलं होतं.

टाकळीच्या त्या थरातून त्यांनी गोड्या पाण्यातले शंख, बिया, फळं, लाकडाचे तुकडे, भुंग्यांच्या पाठीची कवचं असं कितीतरी गोळा केलं. इतर कामं सांभाळून बरं का. शाळा होती, प्रवचनं होती, घरात लहान मुलं होती. जिथे दौऱ्यावर जात तिथल्या नदीचा काठ, विहिरीची खोदाई, रस्त्याचा कापलेला भाग ते बघून येत. विहीर खणली की आतला दगड बाहेर पडतो आणि फुकटात बघायला मिळतो, ही युक्ती आपणही सहलीत वापरू शकतो. नागपूरच्या दक्षिणेला मांगली गावी एका बेडकाच्या जातकुळीतल्या प्राण्याची दगड झालेली कवटी मिळाली. ती लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. डायनासोर हा शब्द ज्यांनी बनवला, तेच हे ओवेन. त्यांनी त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. तो प्राणी डायनासोरांच्याही आधीचा, पंचवीसेक कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

नागपूरच्या आसपासच्या भूगर्भाबद्दल हिस्लॉप आणि हंटर यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे गेला आणि तिच्या नियतकालिकात छापला गेला. हंटर १८५५ साली परतले, पुढचं काम हिस्लॉप यांनी एकट्याने चालवलं. त्यांनी पाठवलेल्या वस्तूंवर तिकडचे जाणकार लिहीत होते: वनस्पतींवर एक, कीटकांवर दुसरा, खनिजांवर तिसरा. एका खनिजाला हिस्लोपाइट नाव पडलं. नागपूरच्या पाण्यातल्या एका चिमुकल्या वसाहत करून राहणाऱ्या जीवाला मुंबईच्या डॉक्टर कार्टर यांनी १८५८ साली हिस्लोपिया म्हटलं. शंखांचं वर्णन मात्र हिस्लॉप यांनी स्वतः केलं.

याच फिरण्यात पिसदुरा आलं. तिथली जमीन टाकळीसारखी दोन लाव्ह्यांच्या मधली नाही. ती पहिल्या लाव्ह्याच्याही खालची, म्हणजे ज्वालामुखी पेटण्याआधीच्या नद्या-तळ्यांच्या गाळाची आहे. शेतात नांगर फिरला की हाडांचे तुकडे वर यायचे, आणि त्यांच्यासोबत गुळगुळीत, लांबट गोळे. ते गोळे म्हणजे दगड झालेलं शेण! वर्गात हे सांगितलं की पाच मिनिटं कुणी काही ऐकत नाही, तेवढी तयारी ठेवा. हिस्लॉप यांनी ही हाडं आणि हे गोळे दोन्हींची दखल घेतली. दुसरा एखादा साहेब असता तर मोठं हाड उचलून शेणाकडे नाक मुरडून गेला असता. पुढे याच गोळ्यांनी काय सांगितलं ते बघूच.

त्यांची एक चूकही सांगते. टाकळीच्या शंखांची तुलना युरोपातल्या शंखांशी करून त्यांनी तो थर डायनासोरांच्या नंतरच्या काळात घातला. आज आपण तो डायनासोरांच्या अगदी शेवटाच्या आसपासचा मानतो. तेव्हा दगडाचं वय मोजण्याची किरणोत्साराची पद्धत नव्हती, शंखावरून शंख ओळखायचा एवढंच हाती होतं. पण त्यांनी कुठला दगड कुठल्या थरातून आला हे लिहून ठेवलं होतं. त्यामुळे पुढच्यांना चूक दुरुस्त करता आली.

१८५९ साली ते सुट्टीवर मायदेशी होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात डार्विन यांचं सजीवांच्या उत्पत्तीवरचं पुस्तक लंडनला प्रसिद्ध झालं आणि चर्चपासून कॉलेजपर्यंत वादळ उठलं. एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात जीवाश्म असलेला हा माणूस थोड्याच दिवसांत नागपूरला परत आला आणि पुन्हा शाळा, दौरे, दगड सुरू झाले.

दगडांइतकंच त्यांचं लक्ष माणसांकडे होतं. गोंड लोकांमध्ये बसून ते त्यांचे शब्द, चालीरीती, लिंगो या पूर्वजाची लांबलचक गाथा उतरवून घेत. ते कागद त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत.

१८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. त्याचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांना हिस्लॉप यांच्या या माहितीचं मोल कळत होतं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी दोघे नागपूरच्या दक्षिणेला बोरीच्या मुक्कामी होते. जवळच टाकळघाटला मोठ्या शिळांची वर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांच्या दफनांची. ती बघायला मंडळी गेली. बघून झाल्यावर बाकीचे परत फिरले. हिस्लॉप मागे राहिले, कारण गावातली शाळा तपासायची होती. शाळा तपासून ते एकटेच घोड्यावरून निघाले. पावसाने वाटेतला ओढा फुगला होता. मुक्कामावर पोहोचला तो नुसता घोडा, पाठीवर कुणी नव्हतं. शोध घेतला तेव्हा पाण्यात त्यांचं प्रेत मिळालं. चार दिवसांनी त्यांना शेहेचाळीस वर्षं पूर्ण झाली असती.

गोंडांवरचे त्यांचे कागद टेंपल यांनी १८६६ साली संपादून छापले. शाळेचं १८८३ साली कॉलेज झालं आणि त्याला हिस्लॉप यांचं नाव मिळालं. पण आपल्याला सापाकडे परत यायचं आहे.

पिसदुऱ्याकडे त्यांच्यानंतर माणसं येतच राहिली. १८७९ साली लायडेकर यांनी तिथल्या शेपटीच्या मणक्यांवरून एका लांब मानेच्या डायनासोरला नाव दिलं. १९७७ साली सोहनलाल जैन यांनी तिथल्या कासवाचं वर्णन केलं. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शेणाचे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. त्यांत गवताच्या पानांतले वाळूसारखे बारीक कण निघाले. तोपर्यंत समज असा होता, की डायनासोर होते तेव्हा गवत जवळजवळ नव्हतंच. गवत नुसतं होतंच असं नाही, तर त्याचे बरेच प्रकार होते. त्यांत भाताच्या नातलगांसारखंही काही होतं. नाक न मुरडल्याचा फायदा!

आणि २०११ साली धनंजय मोहबे, जेसन हेड आणि जेफ्री विल्सन यांनी पिसदुऱ्याच्या सापाचं वर्णन प्रसिद्ध केलं: मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस. गावाचं नाव सापाला लागलं.

साप म्हटलं की मुलांना फणा आणि दात आठवतात. जीवाश्मात मात्र बहुतेक वेळा मणकेच मिळतात. सापाची कवटी नाजूक, सुट्या सुट्या हाडांची असते. साप मेला की ती विखरून जाते. मणके टणक आणि संख्येनेही भरपूर. माणसाच्या पाठीत लहानपणी ३३, सापाच्या अंगात दोनशेपासून चारशेपर्यंत, कधी त्याहून जास्त. शिवाय सापाच्या मणक्याला पुढेमागे एक जास्तीची खुंटी आणि खाच असते. सुतार खुंटी बसवतो ना, अगदी तशी. त्यामुळे साप हवा तसा वळतो, पण मणके पिळवटून निखळत नाहीत. जाणकार माणूस एक सुटा मणका हातात घेऊनही हा सापाचा की सरड्याचा हे बहुधा सांगू शकतो.

मॅडत्सोइया या घराण्याचे साप अर्जेंटिनात मिळाले आहेत, मादागास्करमध्येही मिळाले आहेत. त्यांचे भाऊबंद ऑस्ट्रेलियात होते. मग हा साप समुद्र पोहून चंद्रपूरला आला का? नाही. हे सगळे भूखंड एके काळी एकत्र होते, पुढे तुटले. मादागास्करपासून भारत नऊ-एक कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि बेटासारखा उत्तरेकडे सरकू लागला. साप अंगावर होतेच, ते सोबत आले. त्या जुन्या अखंड भूमीला आज जगभर गोंडवन म्हणतात, आणि ते नाव आलं आपल्या गोंड लोकांच्या प्रदेशावरून. हिस्लॉप यांनी नागपूरच्या कोळशाच्या थरांतली पानं ऑस्ट्रेलियातल्या पानांशी ताडून पाहिली होती. दोन्हीकडे सारखी पानं कशी, याचं उत्तर मिळायला पुढे बराच काळ जावा लागला. एकाच माणसाने गोंडांची गाथा लिहून घ्यावी आणि त्याच भूमीची पानंही गोळा करावी, हे वाचताना मी दोन मिनिटं पुस्तक मिटून बसले होते.

हे जुने साप खायचे काय? याचं उत्तर गुजरातच्या खेडा भागातल्या ढोली डुंगरी इथे मिळालं. मोहबे यांना तिथे १९८० च्या दशकात डायनासोरची अंडी आणि पिल्लाची हाडं मिळाली होती. बरीच वर्षं ती सगळी हाडं पिल्लाचीच मानली गेली. २००१ साली जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला, आणि मणक्यांवरची ती जास्तीची खुंटी त्यांच्या लक्षात आली. घरट्यात साप होता! फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेलं, शेजारी अर्ध्या मीटरचं नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू. बहुधा वादळात वाहून आलेल्या वाळूने सगळ्यांना एकदम गाडलं. साडेतीन मीटरच्या या सापाला २०१० साली सनाजेह इंडिकस असं नाव मिळालं. त्याचा जबडा आजच्या अजगरासारखा प्रचंड उघडत नव्हता, म्हणून तो पूर्ण वाढलेल्या डायनासोरच्या वाटेला न जाता पिल्लांवर टपून राहायचा. आजचा साप कोंबडीच्या खुराड्यात शिरतो तसाच.

वर्गात मी हा पाठ दोन तासिकांत घेते. पहिल्या तासाला हिस्लॉप यांची गोष्ट. दुसऱ्या तासाला बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं. आठवडाभर आधी सांगून ठेवलं की मुलं घरून झाकणं आणतात. त्यांना मधोमध भोक पाडून (भोक मोठ्यांनीच पाडावं) सुतळीत ओवायची. तेहतीस झाली की थांबायचं, ही आपली पाठ. मग ओवत राहायचं, दोनशे होईपर्यंत. यंदा एकशे साठवर झाकणं संपली, तरी साप वर्गाच्या दारातून बाहेर व्हरांड्यात गेला होता. पालकांनी घरी हे गुंड्यांवर करायला हरकत नाही.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, त्या दिवशी पाऊस होता तर ते सगळ्यांबरोबर परत का नाही निघाले. मी सांगितलं, शाळा बघायची राहिली होती. तिने मान हलवली आणि पुढचं झाकण ओवायला घेतलं.